हर्णै बंदराचं तैलचित्र आणि कृष्णेचा गाळ

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. काही चुकलं असेल तर सांगा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तुमचे आजोबा ड्रॉइंग मास्तर. साठच्या दशकात ते सुट्टीत कोकणात, दापोलीजवळच्या हर्णैला जाऊन राहिले आणि बंदराचं तीन फूट रुंद, दोन फूट उंच तैलचित्र करून आले. सांगलीत गावभागातल्या घरी ते सोप्यात टांगलेलं असायचं. २०१९ च्या महापुरात त्याचा खालचा वीतभर भाग दोन-तीन दिवस पाण्यात राहिला. पूर ओसरल्यावर कुणीतरी घाईत ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकलं, ते आत्ता घर रंगवायला काढलं तेव्हा खाली आलं. आता खालच्या भागाचा रंग पापुद्र्यासारखा उठलाय, त्यावर साय धरल्यासारखं पांढुरकं काहीतरी आहे, खालच्या कडेला कॅनव्हास फुगलाय आणि सगळं चित्र चहात बुडवल्यासारखं पिवळं दिसतंय. शेजारच्या काकू बटाट्याची फोड घासायला सांगतात, मामा जवसाचं तेल लावायला सांगतात, फ्रेमवाला प्लायवर चिकटवून देतो म्हणतोय. तुम्ही चित्राचे चार फोटो पाठवलेत, त्यांत होड्या, बैलगाड्या आणि मागे सुवर्णदुर्ग किल्ला दिसतो. तुम्हाला विचारायचंय की यातलं काय करू, आणि चित्र वाचेल का.

वाचेल. पण या तिन्हींतलं एकही करू नका. का ते सांगतो.

बटाट्याने मळ निघतो हे खोटं नाही. निघतो तो बटाट्यातल्या पाण्याने. मागे उरतं ते पिष्ट, आणि ते रंगाच्या भेगांत जाऊन बसतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी यायला वेळ लागत नाही. शिवाय तुमच्या चित्राचा खालचा भाग उठलेला आहे, त्यावर फोड फिरवली की रंगच हातात येईल. (गंमत म्हणजे परदेशातल्या मोठ्या संग्रहालयांतही कापसाच्या बोळ्याला स्वतःची थुंकी लावून चित्रं साफ करतात. थुंकीत विकरं असतात, ती मळ सैल करतात. पण ती माणसं बोळा घासत नाहीत, नुसता लोळवतात, नंतर जागा पुसून घेतात आणि उठलेल्या रंगाला हात लावत नाहीत.)

जवसाच्या तेलाचं जरा जास्त सांगतो, कारण हा सल्ला घरोघरी मिळतो. तैलरंगात रंगाची भुकटी बांधून ठेवतं ते जवसाचंच तेल, म्हणून लोकांना वाटतं की जुन्या चित्राला तेल पाजलं की ते ताजं होईल. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचा चिवट पडदा बनतो. तुम्ही वरून तेल लावलंत की पंधरा दिवस चित्र झकास दिसेल, मग त्यावर सोप्यातली धूळ चिकटेल, आणि काही वर्षांत तो पडदा तपकिरी होईल. तेव्हा तो काढायचा म्हटलं तर वरचं तेल आणि खालचा रंग एकाच जातीचे. जे द्रावण एकाला उचलेल ते दुसऱ्यालाही उचलणार. अशी तेल पाजलेली कितीतरी चित्रं माझ्याकडे दुरुस्तीला आली, आणि त्यातल्या निम्म्यांना मी हात जोडले. जवस चटणीत घाला.

प्लायचं थोडक्यात: फेव्हिकॉल लाकडाला उत्तम, चित्राला नाही. एकदा धरला की सुटत नाही, त्यात पाणी असतं, आणि तुमच्या कॅनव्हासचं दुखणं मुळात पाण्याचंच आहे. वाळवीचं तर सांगलीकराला सांगायला नको.

आता दुखणं काय आहे ते. मागून पुढे बघत या. आधी लाकडी चौकट, तिच्या कोपऱ्यांत पाचरी. तिच्यावर ताणलेलं कापड. त्या काळातले आपल्याकडचे ड्रॉइंग मास्तर विकतचा कॅनव्हास परवडत नाही म्हणून बऱ्याचदा मांजरपाट घेत. कापडावर सरसाचा हात. त्यावर पांढरं अस्तर, त्यावर रंग, सगळ्यात वर वॉर्निश. वाळलेला तैलरंग पाण्याला फारसा घाबरत नाही. घाबरतो तो सरस. तो प्राण्यांच्या कातड्या-हाडांचा, पाणी लागलं की फुगतो आणि पकड सोडतो. त्याच वेळी भिजलेलं कापड आखडतं. म्हणजे खालची जमीन लहान झाली, वरचा रंग तेवढाच राहिला. त्याला जागा पुरेना, म्हणून तो मधेच कौलारू छपरासारखा उभा राहिला. तुमच्या फोटोत बैलांच्या पायांपाशी दिसतात ते पापुद्रे हेच. अर्थात रंग अजून तिथे आहे. गेलेला नाही, सुटलेला आहे. या दोन्हींत फार फरक आहे.

म्हणून पहिलं काम सफाई नाही. पहिलं काम सुटलेला रंग परत चिकटवणं. चित्र टेबलावर आडवं ठेवा, तोंड वर. उन्हात नको, पंख्याच्या झोतात नको. हातमोजे घाला आणि नाका-तोंडाला मास्क लावा. त्या गाळात गटारही होतं आणि बुरशीही असणार. आणि ज्या प्लास्टिकमध्ये चित्र होतं ते फेकू नका. फेकलं असेल तर कचऱ्यातून काढा. त्याच्या घड्यांत नखाएवढे रंगाचे तुकडे सापडतील. ते ओल्या ब्रशने उचलू नका, कागदाच्या टोकावर घ्या आणि काड्यापेटीत ठेवा. वर लिहा: डावीकडून एक वीत, खालून चार बोटं. हे तुकडे मी परत जागेवर बसवू शकतो. एका चित्रातल्या कोळणीची अख्खी टोपली अशी काड्यापेटीतून परत आली होती.

खालच्या कडेचा फुगवटा बघून मला काळजी वाटली नाही, उलट बरं वाटलं, कारण त्याचं कारण नेहमीचंच आहे. चौकटीची खालची पट्टी आणि कापड यांच्यात अर्ध्या बोटाची फट असते. त्यात वर्षानुवर्षं धूळ, पाली, खिळे आणि पडलेल्या पाचरी साठतात. तुमच्याकडे त्यात कृष्णेचा गाळ बसला. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथे ४५ आहे. तो गाळ कुठे कुठे शिरला ते आपण सगळ्यांनीच उपसलंय. तो काळ्या मातीचा आहे, हे इथे महत्त्वाचं. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. रानात जे होतं तेच त्या फटीत झालं. वाळताना तिने कापड धरून ओढलं.

ही माती सुरीने कोरू नका. चित्र उभं करून आपटूही नका. मी आधी रंगाच्या बाजूने पातळ जपानी टिश्यू कागद चिकटवतो, म्हणजे काही सुटलंच तर कागदाला धरून राहील. चिकटवायला इथे पाण्याची खळ नको. बेव्हा ३७१ नावाचा एक चिकटवा आहे, गुस्ताव बर्गर यांनी १९७० च्या सुमारास खास चित्रांसाठी बनवलेला. ६५ अंशांच्या आसपास ऊब दिली की तो मऊ होऊन धरतो आणि पुढे कधी सोडवायचा झाला तर सुटतोही. तोच पापुद्र्यांखाली सोडून, छोट्या इस्त्रीने हळूहळू ऊब देत रंग खाली बसवायचा. मग चित्र पालथं करून जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्टीने फटीतला गाळ काढायचा. फिल्म वाकते पण टोचत नाही. कुणी शिकवलेलं नाही हे, पण चालतं. हे सगळं वाचून सोपं वाटेल. घरी करू नका.

आता पांढऱ्याबद्दल. खालच्या भागात जे सगळं पांढुरकं दिसतंय ते सगळं आजार नाही. हर्णैला खडकाळ उथळ किनारा, मोठ्या होड्या दूर नांगरून राहतात आणि मासळी छोट्या होड्यांतून, बैलगाड्यांतून काठावर येते. त्या गाड्या पाण्यात शिरतात, बैल पोटापर्यंत भिजतात. ओहोटीला जी ओली वाळू उघडी पडते ती आरशासारखी आभाळ दाखवते. तुमच्या आजोबांनी ती वाळू रंगवली आहे, आणि ती पांढरट-निळीच असणार. तिच्यावर दमटपणाने वॉर्निशला जी साय धरली तीही पांढरट. मग वेगळं कसं ओळखायचं? खिडकीशी उभं राहून चित्राकडे तिरकं बघा. आजोबांचं पांढरं कुंचल्याच्या दिशेने जातं, गाडीच्या चाकापाशी येऊन थांबतं, बैलाच्या सावलीत राखाडी होतं. दमटपणाच्या पांढऱ्याला चाक कळत नाही, बैल कळत नाही. ते सगळ्यावरून सारखं पसरतं आणि त्याला पाण्याची पातळी दाखवणारी एक आडवी रेघ असते. फोटोत ती रेघ मला डाव्या होडीच्या तळाला लागून दिसतेय. रेघेच्या वर जे पांढरं आहे त्याला कुणालाही हात लावू देऊ नका.

पिवळेपणाचा भाग मला या चित्रात सगळ्यात रंजक वाटतो. तुम्ही लिहिलंय की घरात याला ‘हर्णैची संध्याकाळ’ म्हणतात, आजी म्हणायची तेव्हापासून. मी चारही फोटो मोठे करून बघितले. माझ्या मते ही संध्याकाळ नाही, सकाळ आहे.

हर्णैला समुद्र पश्चिमेला. सुवर्णदुर्ग समोर पाण्यात. काठावर उभं राहून संध्याकाळी बघितलं तर सूर्य किल्ल्याच्या मागच्या अंगाला. किल्ला काळा दिसणार, होड्यांची आपल्याकडची बाजू अंधारी आणि सावल्या आपल्या अंगावर येणार. तुमच्या चित्रात उलटं आहे. तटाच्या भिंतीवर उजेड आणि बुरुजांच्या कुशीत सावली स्पष्ट वेगळी आहे. होड्यांच्या आपल्याकडच्या फळ्या उजळ आहेत. बैलांच्या सावल्या पाण्याकडे पडल्यात. म्हणजे सूर्य चित्रकाराच्या पाठीशी, दापोलीच्या डोंगरांकडे.

अजून दोन खुणा आहेत, आणि त्यांवरून कळतं की आजोबा नुसते ‘सीनरी’ करणारे नव्हते. डोलकाठ्यांवरची निशाणं समुद्राच्या दिशेने उडतायत. पहाटेपासून सकाळ चढेपर्यंत वारा जमिनीवरून पाण्याकडे वाहतो, तो मतलई. दुपारनंतर पाण्यावरून जमिनीकडे, तो खारा. आणि नांगरलेल्या होड्यांच्या नाळी, म्हणजे पुढची टोकं, काठाकडे आहेत. प्रवाहाचा फार जोर नसेल तर नाळेला नांगर टाकलेली होडी वाऱ्याकडे तोंड करून राहते. संध्याकाळी त्याच होड्यांनी तोंडं समुद्राकडे फिरवली असती. हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळचा म्हणून जास्त प्रसिद्ध, पण तो सकाळीही होतो. तेव्हा गाड्या आणि टोपल्या बघून गोंधळू नका.

मग संध्याकाळ आली कुठून? वॉर्निशमधून. त्या काळी बहुतेक डामर नावाची झाडाची राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळवून तिचा हात देत. वीस-तीस वर्षांत ती पिवळी पडते. त्यात तुमच्या सोप्यातली उदबत्ती, धूप, आणि आजोबा विडी ओढत असतील तर तीही. निळ्या आभाळावर पिवळी काच ठेवली की आभाळ हिरवट होतं, पांढरे ढग सोनेरी होतात, आणि बघणारा म्हणतो, वा, काय सुंदर संध्याकाळ. तुमच्या वडिलांनी हे चित्र समजत्या वयात बघितलं तेव्हाच ते अर्धं पिवळं झालेलं असणार.

सगळा पिवळेपणा वॉर्निशचा नाही, हेही सांगून ठेवतो. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं आणि उजेडात थोडं परत निवळतं. तुमचं चित्र इतकी वर्षं माळ्यावर अंधारात होतं. तेव्हा रंग बसवून झाला की महिनाभर ते नुसतं उजेडाच्या खोलीत ठेवायचं, थेट ऊन न लागता. काही पिवळेपणा फुकटात जाईल. म्हणूनच फ्रेमखाली झाकलेल्या कडेचा रंग ‘मूळ रंग’ समजू नका. तिथे धूळ बसली नाही, पण उजेडही पोचला नाही.

एक तपासणी तुम्ही घरी करू शकता. नोटा बघायची जांभळी बॅटरी मिळते. रात्री दिवे घालवून ती चित्रावर तिरकी धरा, मास्क लावूनच. जुनी राळ हिरवट धुरकट चमकते. मागे कुणी डागडुजी केली असेल तर तिथे काळे डाग दिसतील. नारिंगी चमक दिसली तर मला लगेच कळवा, कारण मग कुणीतरी लाखेचं पॉलिश लावलंय. मिरजेत सतारींना जे देतात तेच. सतारीवर ते शोभतं. चित्रावरून काढताना घाम फुटतो.

वॉर्निश काढायचं की नाही, यावर तुमचे भाऊ म्हणतात ‘नव्यासारखं करा’. मी नव्यासारखं करत नाही. कोपऱ्यात एक इंच जागा घेऊन, कापसाच्या बोळ्यावर सौम्यातलं सौम्य द्रावण लावून सुरुवात करतो. बोळ्यावर पिवळं आलं तर ठीक, निळं किंवा लाल आलं तर तिथेच थांबायचं. हे मी शिकलो ते एकदा हात पोळल्यावर. तरुणपणी माझ्याकडे असंच एक बंदराचं चित्र आलं होतं. आभाळ असं लख्ख निघालं की मी स्वतःवरच खूश. चित्र परत दिलं, तर त्या घरातल्या आजींनी जुना कृष्णधवल फोटो आणून दाखवला. मधल्या होडीवर चुलीचा धूर होता, बारीक, डोलकाठीला वळसा घालून गेलेला. चित्रकाराने तो राळ मिसळलेल्या पातळ रंगाने अगदी शेवटी दिला असणार, आणि तो वॉर्निशसोबत माझ्या बोळ्यावर आला. मी दिवसभर ज्याला मळ म्हणत होतो त्यात तो धूर होता. तेव्हापासून मी थोडा पिवळेपणा शिल्लक ठेवतो. तुमच्या चित्रातही किल्ल्यापुढे एक धुकट पट्टा आहे, तो मला सकाळचं धुकं वाटतो. तो पट्टा मी शेवटी बघेन, आणि बहुतेक सोडून देईन.

गेलेल्या जागा भरण्याबद्दल: जिथे रंग खरंच गेलाय तेवढ्यापुरतंच भरायचं, आजोबांच्या रंगावर एक ठिपकाही चढवायचा नाही, आणि वापरायचे ते रंग पुढे काढता येतील असे. उजव्या गाडीचं चाक जवळजवळ अर्धं गेलंय. ते मी मनाने काढणार नाही. आपल्या देशावरच्या गाडीचं चाक तिथे बसवलं तर तिथला माणूस हसेल. आजोबांची स्केचबुकं असतील तर शोधा. जो माणूस निशाणाची दिशा चुकवत नाही त्याने चाकाचं पेन्सिल-स्केच केलेलं असणारच. नाहीतर कुंभार्ली घाट उतरून मी स्वतः एकदा जाऊन येईन, तेवढंच निमित्त.

माझ्यावरच अवलंबून राहू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं चित्र-संवर्धन केंद्र आहे, त्यांचं मत घेतलंत तर मला आनंदच होईल. आणि एखाद्या रविवारी विट्यावरून औंधला जा. औंधच्या भवानरावांनी, जे स्वतः चित्रं काढत, १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर उभं केलेलं संग्रहालय आहे. तिथली तैलचित्रं समोरून बघा आणि मग भिंतीला गाल लावावा तशी बाजूने बघा. भावालाही न्या. जुन्या रंगाचं अंग कसं दिसतं ते एकदा बघितलं की ‘नव्यासारखं’ म्हणजे काय मागतोय ते त्याला कळेल.

चौकटीच्या मागच्या पट्ट्यांवरचा वाळलेला गाळ ओल्या फडक्याने पुसू नका. तुमच्या तिसऱ्या फोटोत वरच्या पट्टीवर पेन्सिलच्या खुणा दिसतात, एखादी तारीख किंवा वेळही असेल. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि मोबाइलची बॅटरी बाजूने आडवी धरून फोटो काढा. आणि चित्र माझ्याकडे आणायचं ठरलं तर रिक्षात उभं धरून आणू नका. गाडीच्या मागच्या सीटवर आडवं, तोंड वर, खाली सपाट प्लाय ठेवून. प्लायचा एवढा उपयोग चालेल.